तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यांत पाणी आणायचं कसं?

मी गोष्ट सांगायला शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं कसं?’ माझं उत्तर: आणायला जाऊ नका. सांगणाऱ्याचाच आवाज आधी गहिवरला की समोरचा सावध होतो.

एका मुलीनं आजीची गोष्ट सांगितली. आजी प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांची लाडकी. ऐकणारे ढिम्म. मी सहज विचारलं, आजीला नीट दिसायचं का? म्हणाली, ‘कुठलं! रोज शाळेत जायच्या आधी मला सात-आठ सुया ओवून ठेवाव्या लागायच्या, तिच्या दिवसभराच्या शिवणासाठी. असला वैताग यायचा!’ मग जरा थांबून म्हणाली, ‘ती गेली त्या दिवशीच्या सुया डब्यात तशाच होत्या. ओवलेल्या.’ आता मात्र सगळे गप्प. ‘प्रेमळ’ हा शब्द या वेळी कुठेच आला नव्हता.

तपशील सापडला तरी तो केव्हा सांगायचा, ही खरी मेख. तो वैताग आधी हसत हसत येऊन गेला होता, म्हणून शेवटी काही समजवावं लागलं नाही. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक म्हणायचा, टेबलाखालचा बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षकाला 15 सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल तर 15 मिनिटं जीव टांगणीला. (हे फक्त रहस्यकथांपुरतं आहे असं समजून लोक सोडून देतात. उगाच.)

दुसरा मोह आकड्यांचा, विशेषतः मदत मागायची असते तेव्हा. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या संशोधकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा एकाच भुकेल्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी दुपटीहून जास्त पैसे दिले. मुलीच्या जोडीला आकडेही दिले, तर रक्कम पुन्हा घसरली! भर घालून बिघडलं.

सराव आरशासमोर करू नका, आरशाला कंटाळा येत नाही. एका माणसाला सांगा आणि त्याची नजर कुठे भरकटते ते बघा. तेवढं कापायचं; बहुतेकदा प्रस्तावनाच उडते. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू द्या. मधलं पाठ केलंत तर ते पाठ केल्यासारखंच ऐकू येतं. शेवटचं वाक्य ठरलेलं नसेल, तर माणूस हमखास ‘तर सांगायचा मुद्दा असा’वर येतो आणि श्रोते मोबाइल बघायला मोकळे होतात.