तुम्ही विचारलंत म्हणून: जन्माचा दाखला नसलेल्या पूर्वजाचा माग

माझं सासर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं. त्या घराण्याची जुनी कागदपत्रं मी धुंडाळते हे कळलं की आपल्या मराठी मंडळींकडून हमखास प्रश्न येतो: "अहो, अडीचशे वर्षांपूर्वी तिथे जन्माचे दाखले तरी होते का? मग अमका तमक्याचाच मुलगा, हे कशावरून सांगता?"

दाखले नव्हतेच. व्हर्जिनियाने जन्ममृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली १८५३ मध्ये. १७९० च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं १८५० पासून मिळतात. त्याआधीचा साधा शेतकरी कागदावर सापडतो तो मुख्यतः तीन प्रसंगी: जमिनीचा व्यवहार, लग्न आणि मृत्यूनंतरची वाटणी. कुठल्याही एका कागदावर माझा भरवसा नाही. तिन्ही एकमेकांशी जुळले की मगच मी नातं मान्य करते.

घरच्यांची नावं चव्हाट्यावर मांडायची नाहीत, म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं घराणं घेते: अब्राहम लिंकनचं. त्याच्या आजोबांचं नावही अब्राहमच. त्यांची शेती लिनव्हिल क्रीक या ओढ्याच्या काठी, आजच्या रॉकिंगहॅम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). ही काउंटी १७७८ मध्ये ऑगस्टा काउंटीतून वेगळी झाली. म्हणजे शेत जागचं हललं नाही तरी आधीचे कागद एका कोर्टात आणि नंतरचे दुसऱ्या. नवशिक्यांची निम्मी दमछाक इथेच होते. म्हणून आधी त्या त्या वर्षीचा नकाशा पाहावा, मग कोर्टाची नोंदवही उघडावी.

१७८० मध्ये आजोबांनी ती जमीन विकली. खरेदीखतात त्यांच्या पत्नीचं, बाथशेबाचं, नाव आहे. नवऱ्याच्या जमिनीच्या एकतृतीयांशावर विधवेचा हयातीपुरता हक्क असे. तो हक्क ती राजीखुशीने सोडते आहे ना, हे तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायची पद्धत होती. बायका एरवी या कागदांतून जवळपास गायबच असतात. कित्येकींचं नाव टिकलं ते केवळ या चौकशीमुळे. त्यामुळे खरेदीखताचं शेवटचं पान मी कधीच सोडत नाही. दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन खतांत पत्नीचं नाव वेगळं दिसलं, तर मुलं पहिलीची की दुसरीची, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

खताच्या मजकुरात हद्दी असतात. आपल्याकडच्या खतातल्या चतुःसीमेसारख्याच, फक्त तिथे पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या वळणापर्यंत इतके पोल (एक पोल म्हणजे साडेसोळा फूट), तिथून अमक्याच्या हद्दीने, असं चालत जावं लागतं. तो 'अमका' महत्त्वाचा. शेजारी, साक्षीदार, मोजणीची साखळी धरणारे, यांत सासरे आणि मेहुणे निघतात. मी त्यांचीही नावं उतरवून ठेवते.

आजोबा केंटकीत गेले. तो मुलूख मूळ रहिवाशांचा, आणि त्यावरून रक्तपात चालू होता. तिथल्या लाँग रन ओढ्यावरच्या ४०० एकरांच्या कागदात त्यांचं आडनाव 'लिंकहॉर्न' असं लिहिलंय. १७८६ मध्ये शेतात काम करताना ते मारले गेले. मृत्युपत्र नव्हतं. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग, आणि कायद्याने जमीन थोरल्या मुलाकडे जाई. तो कायदा १ जानेवारी १७८७ पासून बदलला आणि सगळ्या मुलांना वाटा मिळू लागला. वडील आणखी काही महिने जगते, तर धाकट्या थॉमसलाही जमीन मिळाली असती. पण थोरला मॉर्डेकाय जमीनदार झाला आणि थॉमस मजुरी करत फिरला. त्या थॉमसचा मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. वारशाचा कायदा ठाऊक नसेल तर 'थॉमसला काहीच का नाही, तो मुलगाच नसेल' असा चुकीचा निष्कर्ष सहज निघतो.

लग्नाचा कागद तर फारच बोलका. तेव्हा नवरदेव आणि जामीनदार मिळून सरकारला हमी लिहून देत की या लग्नाला कायदेशीर अडचण नाही. थॉमस आणि नॅन्सी हँक्स (राष्ट्राध्यक्ष लिंकनची आई) यांच्या लग्नाची हमी १० जून १८०६ ची आहे, ५० पौंडांची. लग्न लागलं दोन दिवसांनी. हमीची तारीख हीच लग्नाची तारीख समजू नये. जामीनदार रिचर्ड बेरी, त्याने सही केली ती नॅन्सीचा पालक म्हणून. वडिलांचं नाव कुठेच नाही, आणि नॅन्सीचे वडील कोण हा वाद अजून मिटलेला नाही. हा कागद लिंकनच्या हयातीत सापडलाच नाही. शोध चालला होता हार्डिन काउंटीत, जिथे हे जोडपं नंतर राहिलं. कागद होता वॉशिंग्टन काउंटीत. तो १८७८ मध्ये हाती आला. लग्न मुलीच्या माहेरच्या काउंटीत शोधावं, ते यासाठी.

मृत्यूनंतरच्या वाटणीचे कागद मला सगळ्यात जवळचे वाटतात, आणि वाचायला सगळ्यात जड जातात. कोर्टाने नेमलेले शेजारी घरात येऊन एकेक वस्तू मांडतात: पिसांची गादी, कथलाची ताटं, चरखा, गाय आणि वासरू, प्रत्येकापुढे किंमत. मग लिलाव. त्या यादीत विधवा स्वतःच्याच घरातली गादी, स्वतःचंच भांडं पैसे मोजून परत घेताना दिसते. आणि व्हर्जिनियात त्याच रकान्यांत, गाईगुरांच्या वरखाली, गुलाम माणसांची नावं येतात. आडनाव नाही, फक्त नाव आणि किंमत. कधी 'अमकी आणि तिचं मूल', दोघांची मिळून एकच रक्कम.

१८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणनेत वय आणि लिंग आहे, नावं जवळजवळ नाहीतच. त्यांच्या वंशजांना १८७० च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या, मागे जायचं तर बहुतेकदा या याद्यांवाचून वाट नाही. म्हणून मी आमच्या घराण्याच्या कागदांतली अशी सगळी नावं वेगळी उतरवते: मालक कोण, काउंटी कोणती, वही आणि पान कितवं, वाटणीत कोण कोणाच्या वाट्याला गेलं. शोधत येणाऱ्या कुणालाही ती वही मी देते. तुम्हीही असे कागद चाळत असाल, तर आपल्या पूर्वजाचं नाव सापडल्यावर तिथेच थांबू नका. खालची नावंही लिहून घ्या.