समुद्री गरुड: पिल्लू उडाल्यानंतरच्या नोंदी

मंडळी, गुहागरकडच्या जोडीचं पिल्लू उडालं एकदाचं! खूप आनंद झालाय. साधारण ७० ते ८० दिवसांचं झालं की घरटं सोडतात आणि पुढे सहाएक महिने आईबापाच्या हद्दीतच फिरतात, म्हणजे आता पावसाळा लागेपर्यंत बघायला भरपूर मिळणार.

सध्या सगळं लक्ष पिल्लाच्या ओळखीवर आहे, कारण पूर्ण वाढ झालेला काकण (समुद्री गरुडाचंच दुसरं नाव) कोणीही ओळखेल, डोकं-पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, खालून बघितलं तर पंखांची मागची बाजू काळी. पिल्लू मात्र अख्खं तपकिरी, डोकं जरा फिकट, आणि पूर्ण पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर दरवर्षी वेगळंच दिसतं, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की रंगावर जाऊच नका, आकार बघा. घिरट्या घालताना पंख वर उचललेले, इंग्रजी व्हीसारखे, आणि शेपूट आखूड, पाचरीसारखी. साध्या घारीची शेपूट मधे खाचलेली असते, ब्राह्मणी घारीची गोलसर. शिवाय साइज! पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, शेजारून ब्राह्मणी घार गेली की लगेच कळतं.

खाडीच्या तोंडाशी हिवाळ्यात कैकर (मासे मारणारा शिकारी पक्षी, इंग्रजीत ऑस्प्रे) पण असतो, त्याचंही पोट पांढरं, पण डोळ्यातून जाणारा काळा पट्टा बघा. आणि शिकार बघायला मिळाली तर प्रश्नच मिटला, कैकर पाय पुढे करून धाडकन पाण्यात घुसतो, गरुड सहसा वरच्यावर पंजा मारून उचलून नेतो. कधीकधी कैकराच्या मागे लागून त्याचाच मासा हिसकावतो, हे बघायला मिळणं म्हणजे सुख. मासे तर खातोच पण समुद्रसापही भारी आवडतात, घरट्याखाली त्यांचे सांगाडे पडलेले मिळतात.

घरट्याची जागा सांगणार नाही, रागावू नका. तीच जोडी तेच झाड वर्षानुवर्षं वापरते, दरवर्षी त्यावर नवीन काटक्या रचते, आणि अंडी असताना माणसांचा त्रास झाला तर घरटं सोडूनही देते. ऑक्टोबरपासून परत काटक्या आणायला लागतील तेव्हा मी लांबूनच स्कोप लावणार आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पक्ष्याचे, शेपूट नीट दिसणारे फोटो कोणाकडे असतील तर प्लीज टाका, मला तुलना करायला हवेत.