दोन अक्षरांचा 'बंद'

वर्तमानपत्राच्या डेस्कवर शब्दाची किंमत अर्थावरून ठरत नाही, रुंदीवरून ठरते. दोन कॉलमांत छत्तीस पॉइंटांत जे मावेल ते मराठी. म्हणून 'बंद' आमचा लाडका. दोन अक्षरं, ना काना ना वेलांटी, कुठेही बसतो. वर्षानुवर्षं त्याला ठरलेली विशेषणं लावत आलो: कडकडीत बंद, उत्स्फूर्त बंद, बंदला संमिश्र प्रतिसाद, बंदला गालबोट. तो कुणीतरी पुकारायचा, लोक पाळायचे, संध्याकाळी शटरं वर जायची.

मार्च २०२० मध्ये हा शब्द आमच्या हातून सुटला. शाळा बंद, बाजार बंद, मंदिरं बंद. लॉकडाउनला 'टाळेबंदी' म्हणायला लागलो. जुन्या कामगार बातम्यांत टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्याला ठोकलेलं टाळं. यावेळी मालक कोण, हे मथळ्यात लिहायची पद्धत नव्हती. २२ मार्चला रेल्वेने प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत रद्द केल्या. पुढे मुदत १४ एप्रिल झाली, मग ३ मे, मग १७ मे. दर वेळी मी घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून मथळा दिला: 'रेल्वे ३ मेपर्यंत बंद'. मालगाड्या चालूच होत्या. धान्य, कोळसा, पेट्रोल त्यांतूनच जात होतं. पत्रकात तसं स्पष्ट होतं. बातमीतही होतं, पाचव्या परिच्छेदात. आणि पाचवा परिच्छेद म्हणजे जाहिरात आली की कापायचा परिच्छेद.

८ मेच्या सकाळी बातमीदाराचा फोन आला. बदनापूर ते करमाडदरम्यान मालगाडीखाली मजूर सापडलेत. आकडा वाढत वाढत १६ वर थांबला. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातले, बरेचसे शहडोल-उमरियाकडचे. आदल्या संध्याकाळी निघाले होते. भुसावळला मजुरांसाठी सोडलेली विशेष गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेकडेने चालले, थकले आणि रुळांवरच आडवे झाले. पहाटे सव्वापाचला गाडी आली. चालकाने थांबवायचा प्रयत्न केला, पण गाडी थांबली नाही. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

दिवसभर डेस्कच्या ग्रुपवर वाद चालला तो 'झोपलेल्या' या शब्दावर. 'रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले' असा मथळा आला होता. मी म्हटलं, 'झोपलेल्या' काढा, त्यात दोष मेलेल्यांवर जातो. आमचे वृत्तसंपादक सज्जन गृहस्थ, पण सवयीचे गुलाम. त्यांनी लिहिलं, "झोपलेच होते ना? खोटं काय त्यात?" शब्द राहिला. दुसऱ्या दिवशी वाचकांचे फोन आले ते नेमके त्याच शब्दावर: रुळावर कुणी झोपतं का हो? आठवड्याभरात, १५ मेला, सर्वोच्च न्यायालयातही तोच सवाल निघाला, रुळांवर झोपले तर कोण काय थांबवणार? वाद मी हरलो होतो, तरी त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

मग अपघातातून वाचलेल्या मजुरांबद्दलच्या बातम्या येऊ लागल्या. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता.

ते आमचा पेपर वाचत नव्हते. हिंदी बोलणारी माणसं. कारखान्याच्या खोलीत मोबाइलवर, एकमेकांच्या तोंडून जे कळलं ते कळलं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. पण मोबाइलवर जे फिरत होतं तेही कुणा उपसंपादकानेच लिहिलेलं होतं, आणि तिथेही तीच दोन अक्षरं होती. हिंदीतही 'बंद' 'बंद'च असतो. 'झोपलेल्या'वर मी दिवसभर भांडलो, आणि 'बंद' मात्र सहा आठवडे स्वतःच्या हाताने लावत होतो. त्यावर कुणीही हटकलं नाही, कारण त्यातही खोटं असं काही नव्हतं.

परवा जुन्या पानाची फाइल उघडली. मथळ्यात 'रेल्वे'च्या मागे 'प्रवासी' टाकून पाहिलं. ओळ फुटली. छत्तीसचा टाइप बत्तीस केला, अक्षरांमधली जागा किंचित आवळली. बसला. उपमथळा फक्त एक ओळ खाली सरकतो.