सहा, सात आणि आठ नंबरचे इलेक्ट्रोड

ओट्यावरून स्टीलचं ताट खाली पडलं आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडली. दचकले असेन, असं वाटलं. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली, तेव्हा पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "बायकांचा डावा डोळा लवणं शुभ असतं गं." पण आठवड्याभरात ओठाचा डावा कोपराही ओढला जायला लागला आणि मी घाबरले. डाव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे ठोके देऊन ऐकवणारं मशीन, बसवून तेव्हा चार महिने झाले होते.

मला ऑटोस्क्लेरोसिस आहे. यात कानाभोवतीचं टणक हाड जागोजागी मऊ, भुसभुशीत होतं. पंचविशीत ऐकू कमी यायला लागलं आणि पन्नाशीपर्यंत दोन्ही कान गेले. साताऱ्यात शाळेत शिकवत होते. फळ्याकडे तोंड केलं की मागून कोण काय विचारतंय ते कळेना, म्हणून नोकरी सोडली. इम्प्लांटसाठी सरकारच्या ॲडिप योजनेतून (दिव्यांगांना उपकरणं देणारी योजना) मदत मिळते ती मुलांना. आमच्याकडे ह्यांचा पीएफ आणि माझ्या पाटल्या त्यात गेल्या. त्यामुळे चेहरा फडफडायला लागल्यावर पहिला विचार आला तो हाच, की पुन्हा ऑपरेशन सांगितलं तर आणायचे कुठून?

स्विच ऑन झाल्यावर, म्हणजे ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर, पहिला महिना सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा ह्यांनी पाठमोरं उभं राहून विचारलं, "चहा टाकू का?" आणि मी "टाका" म्हणाले. ओठ न बघता, कितीतरी वर्षांनी. दोघंही तसेच उभे राहिलो.

म्हणूनच पुढचं जास्त लागलं. पहिल्यांदा दाखवलं तिथे सांगितलं की ताणामुळे होतंय, आणि सगळा आवाजच कमी करून दिला. फडफड थांबली, पण बोलणंही कळेनासं झालं. आवाज वाढवला की चेहरा ओढायचा, कमी केला की माणसं पुन्हा नुसती तोंडं हलवायची. दीड महिना असा गेला. त्या काळात मी बाहेर जाताना पदर गालावर घेऊन बसायचे.

मग मी एक वही केली. तारीख, आवाज कसला, किती लांबून, डोळा की ओठ, कॉइल (मशीनचा डोक्याला बाहेरून चुंबकाने चिकटणारा भाग) काढल्यावर थांबलं का. कॉइल काढली की दर वेळी लगेच थांबत होतं, आणि वहीतली हीच ओळ सगळ्यात मोलाची ठरली. ताणाने डोळा लवत असता, तर मशीन काढल्याबरोबर थांबला नसता.

पुण्यातल्या दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासून मशीन जुळवून देणारी तज्ज्ञ) ती वही पानापानाने वाचली. म्हणाली, "काकू, हे तुमच्या मनाचं नाही. आज आपण एकेक इलेक्ट्रोड बघू."

कानातला शंख गोगलगायीसारखा अडीच वेढ्यांचा असतो. त्यात सरकवलेल्या माझ्या तारेवर 12 इलेक्ट्रोड, म्हणजे करंट सोडणारे बारीक ठिपके, आहेत. टोकाकडचे जाड आवाजाचे, मुखाकडचे बारीक आवाजाचे. आधी तिने प्रत्येकाचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजला. तो खूप जास्त आला तर तार तुटलेली किंवा इलेक्ट्रोड बंद पडलेला असू शकतो, फारच कमी आला तर दोन इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटल्यासारखे झालेले असू शकतात. माझे बाराही ठीक होते. मग सीटी स्कॅन, तार मागे सरकून एखादा इलेक्ट्रोड शंखाबाहेर आलाय का ते बघायला. तीही जागेवर होती. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. पुन्हा ऑपरेशन नको, हे मला तिथे कळलं.

खरी तपासणी त्यानंतरची. ती कॉम्प्युटरवर एका वेळी एकच इलेक्ट्रोड चालू करून करंट थोडा थोडा वाढवायची, आणि हे माझ्यासमोर खुर्ची घेऊन फक्त माझा चेहरा बघायचे. पापणी किंचित हलली तरी बोट वर. मला स्वतःला कळायच्या आधी ह्यांना दिसायचं, त्यामुळे या तपासणीला घरचं माणूस सोबत न्याच. पाचपर्यंत काही नाही. सहाला पापणी, सातला पापणी आणि ओठ, आठला तर गालच ओढला गेला. नऊपासून पुन्हा शांत.

चेहऱ्याची नस शंखाच्या अगदी जवळून जाते, मध्ये हाडाचा पातळ पडदा. माझ्या आजाराने तेच हाड भुसभुशीत केलंय, त्यामुळे करंट झिरपून नसेपर्यंत पोचत होता. पहिले तीन महिने करंट कमी होता म्हणून काही जाणवलं नाही. ऐकायची सवय होत गेली तसा तो वाढवत नेला, आणि मग चेहरा हलायला लागला.

तिने आठ नंबर बंदच केला. सहा आणि सातला विजेचा ठोका दोन टप्प्यांऐवजी तीन टप्प्यांत दिला. त्याने कानाला आवाज पुरतो आणि नस सहसा चाळवत नाही. आठचे सूर शेजारच्यांना वाटून दिले. ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्या दिवशी खंबाटकी घाटातून परत येताना ह्यांचा आवाज मला परक्या माणसाचा वाटत होता. पुतणीचं 'काकी' मला 'काकू' ऐकू यायचं. रोज अर्धा तास ह्यांनी पेपर मोठ्याने वाचायचा आणि मी न बघता म्हणून दाखवायचं, असं अडीच महिने केलं. तेव्हा कुठे आवाज आपल्या जागी बसले.

तुमच्याही बाबतीत चेहरा हलत असेल, कानामागे किंवा घशात चमक येत असेल, तर नुसता सगळा आवाज कमी करून घरी येऊ नका. प्रत्येक इलेक्ट्रोड वेगळा तपासा म्हणून सांगा, ठामपणे सांगा. आणि ऑटोस्क्लेरोसिस असेल तर पहिल्याच भेटीत ते बोलून टाका.

सात नंबर अजून पूर्ण शांत नाही. शेजारच्या मंगल कार्यालयात बँड वाजला की पापणी एकदा हलते. ते वहीत लिहिलंय. पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीने पुण्याला जायचंय, हे सोबत आहेत.