केमो संपली, पण नोटा मोजता येईनात

मी सांगलीत एका बँकेत कॅशला बसते. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे. केस जाणार हे माहीत होतं, सगळेच सांगतात, आणि केस परत येतात. बोटांचं मात्र कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

माझा डाव्या स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रोटीन त्यात जास्त नसलेला). आधी ऑपरेशन, मग एसी नावाच्या दोन औषधांच्या केमोचे चार डोस (ते लाल औषध, त्यानंतर लघवीसुद्धा लालसर होते, पहिल्यांदा बघून माझी तंतरलीच होती, नर्सने आधी सांगितलं होतं पण त्या दिवशी कुणाचं काय डोक्यात राहतंय) आणि मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, असे बारा आठवडे. हा दुसरा टप्पा सोपा असतो म्हणतात आणि उलट्यांच्या बाबतीत ते खरंय, जेवण जातं, माणसात आल्यासारखं वाटतं. पण मधल्या डोसांपासून बोटांची टोकं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली, मग तळपाय. ब्लाऊजचं हूक लागेना, कुंकवाची टिकली कागदावरून सुटेना. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले बरं झालं सांगितलंत, बायका सांगतच नाहीत, जास्त झालं तर डोस कमी करावा लागतो. तेव्हा ज्यांची चालू आहे त्यांनी 'त्यात काय एवढं' म्हणून गप्प बसू नका एवढंच सांगते.

शेवटचा डोस झाला आणि घरात पेढे आले. सासूबाई गणपतीला जाऊन आल्या, नणंदेचा फोन, जावेचा फोन, 'सुटलीस बाई एकदाची'. मी पण हसत होते. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यापासूनच मला जास्त भीती वाटायला लागली. केमो चालू असताना दर आठवड्याला कोणीतरी रक्त तपासत होतं, पेशींचा काउंट बघत होतं, शंभरच्या वर ताप गेला तर फोन करा म्हणत होतं. आणि आता एकदम, 'या तीन महिन्यांनी!' म्हणजे तीन महिने माझ्याकडे बघणार कोण? हे घरात बोलले तर नवरा म्हणाला, अगं चांगलंच आहे की, दवाखाना सुटला. त्याचं बरोबर होतं आणि माझंही.

मध्ये रेडिएशन झालं, पंधरा सिटिंग, तीन आठवडे. त्याचं फार सांगण्यासारखं नाही. डावी बाजू म्हणून श्वास भरून रोखून धरायला शिकवतात, हृदय जरा लांब राहावं म्हणून. कातडी काळवंडली आणि शेवटी शेवटी झोप झोप व्हायची, बस. तेव्हा द्राक्षांचा सीझन ऐन भरात होता. केमोत कच्चं काही नाही, फळ खायचं तर साल काढून, आणि द्राक्षाची साल कोण काढत बसणार. काउंट नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी धुवून खा म्हणून परवानगी दिली आणि मी तासगावची द्राक्षं एका बैठकीत किती खाल्ली ते विचारू नका. त्यानंतर भडंग, वर कच्चा कांदा, कोथिंबीर. तोंडाची ती लोखंडासारखी चव गेलीय हे मला त्या कांद्याने सांगितलं.

खाण्यावरून आठवलं, सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे प्रत्येक घरातून सल्ला एकच, हळद घे. एकाने तर कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा डबाच आणून दिला. डॉक्टर म्हणाले भाजी-आमटीत जेवढी जाते तेवढी खुशाल खा, कॅप्सूल नको, चालू औषधांशी काय करेल सांगता येत नाही. डबा अजून कपाटात आहे, देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून फेकलेला नाही.

तर बोटं. माझी कल्पना अशी की केमो संपली की महिन्याभरात बोटं ठीक होणार. उलट संपल्यावर थोडे दिवस जास्तच बधिर वाटली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नसांची सगळ्यात लांबची टोकं आधी दुखावतात, म्हणून पाय आणि बोटं, आणि ती भरून यायला महिने लागतात, कुणाकुणाला वर्षाच्या वर, थोडंफार कायमही राहतं. जळजळ, दुखणं असेल तर त्यावर गोळी आहे, नुसत्या बधिरपणाला काळ हाच उपाय. मला दुखत नव्हतं, नुसतं सगळ्या जगाला हातमोजे घालून हात लावतेय असं वाटायचं. फिजिओच्या मॅडमनी मग तांदळाच्या डब्यात बटणं टाकून न बघता शोधायला लावली. घरी मी ते तूरडाळ आणि राजम्यावर करायचे, मुलगी समोर बसून राजमे लपवायची, तिला खेळ आणि मला घाम. घरातसुद्धा चप्पल घालायची, कारण पायाला काही टोचलेलं कळत नाही. आंघोळीचं पाणी बोटाने नाही तर कोपराने बघायचं. तव्यावरची पोळी चिमट्याने, हाताने उलटायची सवय असली तरी.

रजा संपत आली तशी कामावर गेले. डोक्यावर तेव्हा बोटभर केस होते, पांढरे आणि कुरळे, माझे आयुष्यात कधी कुरळे नव्हते. विग घेतला होता पण एप्रिलमध्ये सांगलीत विग घालून बसून दाखवा कोणीतरी. त्यात टॅमॉक्सिफेन सुरू झालेलं, हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, रोज वीस मिलिग्रॅम, निदान पाच वर्षं, आणि त्याने अंगातून अशा वाफा निघतात की एसीखाली बसून पदराने वारा घ्यायची वेळ येते. सरळ स्कार्फ बांधला. कस्टमरपैकी एक आजोबा म्हणाले, काय हो तिरुपतीला जाऊन आलात काय. मी म्हटलं हो, लांबच्या तिरुपतीला.

पहिल्या दिवशी शंभर नोटांचं एक पॅकेट हातात घेतलं, ओल्या स्पंजला बोट लावलं, आणि काहीच कळेना. कॅशियरचं मोजणं डोळ्याने नसतं हो, अंगठ्याखाली एक नोट गेली की दोन गेल्या ते बोट सांगतं. माझं बोट गप्प. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे. मशीन असतंच, पण फाटकी नोट, चिकटलेली नोट, खोटी नोट, हे सगळं हाताला आधी लागतं. आणि कॅश कमी आली तर स्वतःच्या खिशातून भरावी लागते, साहेब कितीही चांगले असले तरी. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, कॅन्सर कळला तेव्हा जेवढी रडले होते त्याच्यापेक्षा जास्त. मग साहेबांना स्वतःच सांगितलं की मला सध्या केवायसी आणि पासबुकला बसवा. 'तुम्ही आता ठणठणीत दिसता की' म्हणाले. दिसत होतेच मी. तीच तर अडचण असते, बाहेरून काही दिसत नाही. डॉक्टरांनी चार ओळी लिहून दिल्या तेव्हा टेबल बदललं. त्या चार ओळी आधीच लिहून घ्या, रुजू व्हायच्या आधी.

डोकंही जरा ढिलं झालेलं. कस्टमर समोर, नाव रोजचं, आणि आठवेना. याला केमो ब्रेन म्हणतात आणि बहुतेकांचं हळूहळू सुधारतं असं डॉक्टर म्हणाले. मी चिठ्ठ्या लिहून ठेवायला लागले, आता माझं टेबल चिठ्ठ्यांनी भरलंय. थकवा मात्र वेगळीच गोष्ट. तो झोपून जात नाही, उलट झोपलं की वाढतो. संध्याकाळी कृष्णाकाठी चालायला लागले, सुरुवातीला आयर्विन पुलाच्या तोंडापर्यंत जाऊन परत, मग पूल ओलांडून. गोळ्या-टॉनिकपेक्षा याचाच फरक पडला, हे मी शपथेवर सांगेन.

डाव्या काखेतल्या लसिका गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज यायची भीती, म्हणून त्याला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, जड पिशवी नाही. सूज येतेय का हे बघायची माझी पद्धत म्हणजे बांगड्या. डाव्या हातात काचेच्या दोनच, सैल. त्या घट्ट वाटल्या की फिजिओकडे. एकदा गव्हाचं पोतं सरकवलं तेव्हा वाटल्या होत्या, हाताला दाब देणारी स्लीव्ह घालून, मसाज करून उतरलं.

आणि एक, जे बायका एकमेकींनाच सांगू शकतात. केमोने पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं धरू नका, मी त्रेचाळिसची, मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की टॅमॉक्सिफेनवर दिवस राहता कामा नयेत आणि दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती हार्मोनची गोळी तर चालणारच नाही. टॅमॉक्सिफेन चालू असताना मध्येच अवेळी अंगावरून रक्त गेलं तर वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. आणि मन खचलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून गोळ्या घेणार असाल तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या काही गोळ्यांनी त्याचा असर कमी होऊ शकतो.

पाठ दुखली की अजूनही पहिला विचार तोच येतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या दरवर्षी अख्ख्या अंगाचा पेट स्कॅन करून घे. मी विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले, तक्रार काही नसेल तर उगाच स्कॅन नाही, वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. पाठ दोन आठवडे दुखत राहिली तर मात्र यायचं. आता पाठ दुखली की मी कॅलेंडरवर खूण करते. आत्तापर्यंत एकही खूण दुसऱ्या आठवड्यात गेलेली नाही, बहुतेक वेळा खुर्चीचाच दोष निघालाय.

दिवाळीच्या आधी कॅशला परत बसले, गर्दी होती आणि माणूस कमी होता म्हणून. पाचशेच्या नोटा आता हाताने जमतात, पूर्वीपेक्षा सावकाश, आणि दर पॅकेट मशीनवर पुन्हा टाकते. उजव्या हाताची दोन बोटं जवळजवळ पूर्ववत आहेत, करंगळीचं काही खरं नाही. चिल्लर मात्र अजून होत नाही, एक रुपया आणि दोन रुपये बोटाला सारखेच लागतात, ती मी शेजारच्या काउंटरला सरकवते आणि तो पोरगा रोज कुरकुरतो.