गिरणी, घाट आणि भरतीचं वेळापत्रक

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-अण्णा लीड्सला येतायत, आणि त्यांना उत्तर इंग्लंड दाखवायचं ते कॅम्परव्हॅनमधूनच, हे मी ठरवून टाकलंय. हॉटेलं बघून झाली, भाड्याची कॉटेजेस बघून झाली. पण आईला पहाटे पाचला चहा लागतो, आलं ठेचलेला आणि स्वतःच्या हातचा. अण्णांना तासा-दीड तासानं गाडीतून उतरावंच लागतं. चूल, अंथरूण आणि संडास बरोबर असला की सत्तरी ओलांडलेली माणसंही निवांत फिरू शकतात, यावर माझा पक्का विश्वास आहे.

दुसरं कारण जास्त मोठं. अण्णा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणायच्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी साचा चालवला नाही. त्या गिरणीच्या स्पिनिंग खात्यातल्या यंत्रांवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी ओतीव अक्षरं होती, ती त्यांना अजून आठवतात. ते ओल्डहॅम आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. त्यामुळे या प्रवासाचं मुख्य ठिकाण यॉर्क नाही आणि लेक डिस्ट्रिक्टही नाही. ते आहे बर्नली, कारण तिथल्या एका जुन्या गिरणीत साचेखातं अजून राखलं आहे.

आधी गाडीबद्दल, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. आम्ही चौघं: आई, अण्णा, नवरा आणि मी. जाहिरातीत ‘चार जणांची’ लिहिलेलं असलं तरी चार बिछाने आणि सीटबेल्टच्या चार जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. काही गाड्यांत झोपायला चौघं मावतात, पण चालत्या गाडीत कायदेशीर बसायला तिघंच. फोक्सवॅगनची छप्पर वर उघडणारी गाडी दिसायला सुरेख आणि उंचीला साधारण दोन मीटर, पण तिच्यात वरच्या बिछान्यावर चढावं लागतं आणि संडासासाठी वेगळी खोली नसते. म्हणून फियाट डुकाटोवर बांधलेली उंच गाडी ठरवली. खाली कायमचा पलंग, मागे छोटी न्हाणी, दोन शेगड्या. वजन साडेतीन टनांच्या आत, म्हणजे माझ्या साध्या कारच्या लायसन्सवर चालते.

उंच गाडीचा एक परिणाम मात्र आधीच मान्य करावा लागतो. गावोगावच्या पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर आडवा दांडा असतो, आणि ही गाडी अडीच मीटरच्या वर. शहरात ती नेण्याचा हट्टच सोडला. यॉर्कला शहराबाहेर तळ ठोकायचा आणि बसनं आत जायचं. मँचेस्टरला ट्राम. खरं सांगायचं तर आई-अण्णांनाही हेच सोपं पडेल. यॉर्कच्या शॅम्बल्ससारख्या गल्ल्या पायीच बघायच्या असतात. आणि तिथल्या रेल्वे म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे अण्णा दमले तर अर्ध्यातून उठून यायला मन कचरणार नाही.

रात्री कुठेही गाडी लावून झोपायचं, हे इंग्लंडमध्ये चालत नाही. जमीन कुणाची तरी असते आणि त्याची परवानगी लागते; रस्त्याकडेच्या थांब्यांनाही हे लागू आहे. मोठ्या कॅम्पसाइटपेक्षा मला शेतकऱ्यांच्या जागा आवडतात. कॅम्पिंग क्लबांनी मान्यता दिलेल्या या जागांवर एका वेळी पाचच गाड्या घेतात. वीजजोडणी, पिण्याचं पाणी आणि संडासाची पेटी रिकामी करायची सोय आहे ना, एवढं विचारून घ्यायचं. आई पहाटे उठून खुडबुड करणार, फोडणी करणार, तेव्हा शेजारची गाडी चार हात लांब असलेली बरी. फोडणी दार उघडं ठेवूनच, कारण एवढ्याशा जागेत धुराचा अलार्म लगेच किंचाळतो. तीन लिटरचा कुकर, भाजणी, मेतकूट, कोकम आणि घरचं तूप एवढं घेतलं की आईची काळजी मिटली. पोहे, रवा, कोथिंबीर संपलं तर ब्रॅडफर्डला किंवा बोल्टनला मिळतंच.

आता रस्ता. नकाशावर मी आधी दोनच खुणा केल्या, कारण या दोन जागांची वेळ आपल्या हातात नाही: बर्नलीची गिरणी आणि लिंडिसफार्नचं बेट.

लिंडिसफार्न नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर आहे. ७९३ साली व्हायकिंगांनी तिथल्या मठावर हल्ला केला, म्हणून इतिहासात त्याचं नाव. बेटावर जायला डांबरी रस्ता आहे, आणि तो दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. हाजी अलीची वाट भरतीला बुडते तशीच, फक्त ही मैलच्या मैल लांब आणि गाड्यांची. सुरक्षित वेळांचं वेळापत्रक काउंटी कौन्सिल जाहीर करतं. ते न बघता निघालेल्यांच्या गाड्या दरवर्षी अडकतात. वाटेत अशा लोकांसाठी उंच खांबांवर एक लाकडी खोलीच बांधून ठेवली आहे. मी ते वेळापत्रक अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. मालवणकडचा माणूस! भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी लगेच कॅलेंडर काढून तिथी बघितली आणि अष्टमीच्या आसपासचा दिवस धरायला सांगितला, म्हणजे भांगेची भरती, पाण्याचा जोर कमी. दिवस त्यांच्या सांगण्यानुसार, पण जायची-यायची वेळ छापील वेळापत्रकातलीच. ओहोटी दुपारी असेल असा दिवस मिळाला तर सकाळी डरमचं कॅथेड्रल बघून तिकडे निघता येईल. १०९३ मध्ये सुरू झालेलं ते बांधकाम आईला दाखवायचंच आहे. देऊळ असो की चर्च, खांबांची जाडी बघून ती बांधणाऱ्यांचा विचार करते.

लीड्स, यॉर्क, मग मूर (उघडा डोंगरी माळ) ओलांडून किनाऱ्यावरचं व्हिटबी. थर्स्कवरून किनाऱ्याकडे गेलं तर ए १७० वर सटन बँकचा घाट लागतो, चारास एक चढ, कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांना तिथे बंदीच आहे. आमच्या गाडीला बंदी नाही, तरी मी पिकरिंगवरून जाणार. व्हिटबीच्या अलीकडचा उतार तिथेही आहेच, पण रस्ता रुंद. व्हिटबीच्या जुन्या मठाकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या आईच्या गुडघ्यांना नकोत. मठापर्यंत गाडीचा रस्ता वेगळा आहे.

लिंडिसफार्ननंतर हेड्रियनची भिंत. इ. स. १२२ मध्ये रोमनांनी ती सुरू केली, लांबी ७३ मैल. बहुतेक लोक हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावर जातात, पण तिथे पार्किंगपासून चांगलाच चढ आहे. बर्डोस्वाल्डला उतरलं की जवळच भिंतीचा सगळ्यात लांब सलग तुकडा उभा आहे. हात लावून बघता येते. कठड्याशी बसून डबा खाता येतो.

पुढे ए ६९ वरून पेनरिथ, आणि केसिकला एक मुक्काम. विंडरमिअर मी वगळलं. जूनमध्ये तिथे रस्त्यावर गाड्यांची रांग आणि पार्किंगला दांडे. त्यापेक्षा कासलरिगच्या दगडांच्या वर्तुळात संध्याकाळी उभं राहावं, चहूकडे डोंगर आणि उजेड दहापर्यंत. हार्डनॉट खिंडीचा तर विचारही करू नये. तीनास एक चढ, एकेरी रस्ता, आंधळी वळणं. अशा गाडीची ती जागाच नाही. तारखा जूनच्या उत्तरार्धातल्या धरण्यामागेही रस्त्याचंच कारण आहे. महिन्याच्या सुरुवातीला ॲपलबीला घोड्यांची जत्रा भरते, तेव्हा ए ६६ वर घोडागाड्या असतात आणि आसपासच्या जागा भरलेल्या. जुलै सरता सरता शाळांना सुट्टी लागते. मधला तुकडा आमचा.

केसिकहून दक्षिणेला येताना एक गोष्ट मला फार करायची आहे. आई, अण्णा आणि नवरा कर्कबी स्टीफनला आगगाडीत बसतील आणि सेटलला उतरतील. मी गाडी घेऊन हॉझवरून जाईन. सेटल-कार्लाइल मार्गावरचा रिबलहेडचा २४ कमानींचा पूल त्यांनी आगगाडीतून ओलांडावा, असं मला वाटतं. १८७० च्या दशकात तो बांधणारे मजूर बायकापोरांसह त्याच ओसाड माळावर झोपड्यांत राहिले, देवीच्या साथीत आणि अपघातांत कितीतरी गेले. जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. तिथे मला थोडा वेळ थांबायचं आहे.

सेटलवरून बर्नली. क्वीन स्ट्रीट मिल, १८९४ ची. वाफेच्या इंजिनावर चालणारं विणाईखातं तिथे जसंच्या तसं राखलं आहे, सुमारे तीनशे साच्यांचं. मी मागे एकटी जाऊन आले. छप्पर करवतीच्या दातांचं, काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड सारखा आणि ऊन कापडावर नको. परळ-लालबागच्या गिरण्यांची छपरं अशीच होती. थोडेसेच साचे चालवून दाखवले, तरी शेजारच्या बाईचा शब्द ऐकू येईना. लँकेशायरच्या विणकर बाया या गोंगाटात ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या. अण्णांच्या खात्यातही हातवारे आणि ओठच चालायचे. आमच्या घरी टीव्ही मोठा लावला की ते अजून तसेच बोलतात.

तिथल्या माणसानं धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) भोकातून धागा तोंडानं ओढून कसा काढत ते सांगितलं. यानं रोग पसरायचे. मुंबईत हीच पद्धत दलित कामगारांना साचेखात्याबाहेर ठेवायचं निमित्त झाली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. साचेखात्यातला पगार जास्त, म्हणून हे खातं बंद ठेवणं म्हणजे पोटावर मारणं होतं. अण्णांनी मला हे लहानपणी सांगितलं होतं, त्या खात्यातला माणूस म्हणून. बर्नलीत उभं राहून मला ते नीट कळलं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला पेटलं आणि लँकेशायरचा कापूस अडला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इकडे आला आणि मुंबईत पैसा खुळखुळला. १८६५ ला युद्ध संपलं तसे भाव कोसळले. पुढे १९३१ मध्ये गांधीजी मुद्दाम बर्नलीच्या जवळच्याच डार्वेनला आले. विदेशी कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं होतं त्या कामगारांना भेटायला. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यातला त्यांचा फोटो मी अण्णांसाठी छापून ठेवला आहे. इथे कुणी कुणाचं शत्रू नव्हतं, असं अण्णा म्हणतात, पोट दोन्हीकडे सारखंच होतं.

शेवटी ओल्डहॅम आणि मँचेस्टर, तिथलं विज्ञान-उद्योग म्युझियम १८३० च्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या स्टेशनातच आहे. मग सॉल्टेअर, १८५३ ची लोकरगिरणी आणि तिच्याभोवतीचं कामगारांचं गाव, आणि घर.

बर्नलीची गिरणी ठरावीक महिन्यांत, ठरावीक वारीच उघडते. परवा फोनवर अण्णांनी विचारलं, साचा साधा आहे की ऑटोमॅटिक, आणि हात लावू देतील का. साधा आहे, एवढं मी सांगितलं. दुसऱ्या प्रश्नासाठी म्युझियमला पत्र लिहिलंय की जुन्या साचेवाल्याला एकदा साचा सुरू करू द्याल का. उत्तर आलं की त्यांचा वार पक्का, त्यावरून लिंडिसफार्नचा दिवस, आणि मग शेतावरच्या जागांचे पैसे भरायचे.