साल्हेर, कुसळं आणि तीन लिटर पाणी

पावसाळ्यात गडावर जायचं मी सोडून दिलंय. एक तर रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग असते, आणि दुसरं म्हणजे वर जाऊन दिसतं काय? ढग. आपण कुठे उभे आहोत ते मोबाईलला विचारायचं. पाऊस परतला, की आश्विन-कार्तिकातले पाच-सहा आठवडे माझे. धूळ धुऊन गेलेली असते, हिवाळ्यातलं धुरकट अजून सुरू झालेलं नसतं. या दिवसांत एका गडावरून दुसरा गड ओळखता येतो, आणि मला तेवढ्यासाठीच चढायचं असतं.

कोजागरी होऊन तीन दिवस झाले होते. पहाटे साडेतीनला मी आणि वहिनी नाशिकरोडहून निघालो. वहिनी चोपन्नची, मी एक्कावन्नची. औषधाच्या दुकानाला सुट्टी एकच, सोमवार, म्हणून जाऊन-येऊन एका दिवसात बसवायचं. पिंपळगावपर्यंत द्राक्षबागांच्या छाटणीला मजूर घेऊन निघालेल्या पिकअप भेटत राहिल्या. पुढे देवळा, सटाणा, ताहाराबाद. तिथून उजाडताना मांगी-तुंगीचे दोन सुळके दिसले आणि वहिनीने सवयीप्रमाणे गाडीतूनच हात जोडले.

साल्हेर म्हणजे १५६७ मीटर. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शिखरांत कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हाही आहे. शेजारचा मुलगा तेव्हा मला विचारत होता, 'हा कुठे आला, काकू?' आपल्याच जिल्ह्यात, बाळा.

पायथ्याच्या वाघांबे गावातून पावणेसातला चढायला लागलो. शेवटच्या घरापाशी एक आजी खुरासणीच्या शेताच्या कडेला उभ्या होत्या. शेत नुसतं पिवळंजर्द. त्यांनी आमच्या पाठीवरच्या पिशव्यांकडे बघून विचारलं, "पानी शे ना जोडे?" मी ऐटीत म्हटलं, आहे की, तीन लिटर. दोघींत मिळून तीन, हे सांगितलं नाही. वर गंगासागर तलाव आहे, टाकी आहेत, उगाच ओझं कशाला, असा माझा हिशोब.

खिंडीपर्यंत दीड-पावणेदोन तास. गवत छातीएवढं, वरून वाळायला लागलेलं, आणि त्यात कुसळं. ज्याने फक्त श्रावणात ट्रेक केलाय त्याला कुसळ काय चीज आहे ते कळणार नाही. खिंडीत बसून मी मोज्यातून एकेक उपसत होते. टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलट्या केसांची लव, म्हणजे आत शिरतं पण मागे येत नाही. मागे काळपट, पिळलेली शेपटी. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवलं, तर शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागली. ओल लागली की उलगडायचं, वाळलं की परत पीळ, अशी ती बी जमिनीत स्क्रूसारखी रुतवते. माझा मोजा म्हणजे तिच्या लेखी जमीनच. वहिनी मात्र शहाणी. जुन्या जीन्सचे पाय गुडघ्यापासून कापून, खाली-वर इलास्टिक घालून तिने बुटांवर चढवले होते. तिच्या मोज्यात एकही कुसळ नव्हतं, आणि हे तिने मला तीनदा सांगितलं.

खिंडीत एका हाताला सालोटा हा शेजारचा किल्ला, दुसऱ्या हाताला साल्हेर. इथून पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, आणि कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट. १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मुघलांना हरवलं ते याच गडाच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात. त्या लढाईत सूर्याजी काकडे पडले. वरून ते पठार बघितलं की एवढी मोठी फौज इथे मावली हे पटतं. कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली होती. आम्ही अत्तर लावत नाही, बिडी ओढत नाही, तरी तेवढा पट्टा न बोलता पार केला. वहिनीच्या बाबतीत हाही एक विक्रमच.

अकराच्या सुमारास परशुराम मंदिराशी पोचलो. इथूनच परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण केलं म्हणतात. त्या दिवशीची हवा इतकी स्वच्छ होती की बाण दिसलाही असता. पूर्वेला मुल्हेर, मोरा, हरगड, त्यांच्या पलीकडे मांगी-तुंगी. पश्चिमेला डांगचं जंगल. आणि दक्षिणेला सातमाळ्याची रांग. सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या... मी बोटाने मोजत गेले आणि धोडपपाशी थांबले. धोडपच्या भिंतीत जी चौकोनी खाच आहे ना, दात पडल्यासारखी, ती इथून दिसली. लहानपणी एसटीने आजोळी जाताना दादा खिडकीतून ती खाच दाखवून सांगायचे, की 'आता गाव जवळ आलं'. ती तेव्हा मी खालून बघायची.

पाणी सव्वाअकरालाच अर्धा लिटरवर आलं होतं. गंगासागरचं पाणी हिरवं, वर शेवाळाची साय. औषधं विकणारी बाई असलं पाणी पिणार नाही. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते दुपारी एकला त्या पायऱ्या उतरताना कळतं. डोक्यावर ऊन, समोरचा कातळ तापलेला, आणि जमिनीतली ओल वाफेसारखी वर येते. वारं नाही. खिंडीत वहिनी म्हणाली, "सालोटा?" मी नकारार्थी मान हलवली. तिने शेवटचे दोन घोट मोजून मला दिले, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आजी ओट्यावरच होत्या. आम्हाला बघून न विचारता तांब्या घेऊन आल्या. माठातलं पाणी, तीन तांबे प्यायले मी. त्या हसल्या, त्यांना हिशोब कळला होता.

मंगळवारी दुकानात काउंटरवर उभी होते आणि कमरेशी काहीतरी टोचलं. सलवारच्या नेफ्यात एक कुसळ, धुऊनही तिथेच. काढलं आणि वहिनीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: 'पुढच्या सोमवारी सालोटा. पाणी मी घेते.'